चाळीस टक्के, पण कशाचे?

साशंक : गोवराच्या लसीचे दोन डोस झाले की शंभरातली सत्त्याण्णव मुलं त्या रोगातून सुटतात, आणि बहुतेकांना ते जन्मभर पुरतं. फ्लूच्या लसीचे आकडे त्याच्या शेजारी ठेवून बघा. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी दरसाल ते मांडते. २००४-०५च्या हंगामात १० टक्के. २०१०-११मध्ये ६०. २०१४-१५मध्ये १९. २०१८-१९मध्ये २९. बरं वर्ष म्हणजे चाळिशीच्या आसपास. म्हणजे दरवर्षी नव्याने दंड पुढे करायचा, दरवर्षी पैसे मोजायचे, आणि यंदा लस चालली की नाही हे हंगाम उलटल्यावर ऐकायचं. दुसऱ्या एखाद्या औषधाने असे रंग दाखवले असते तर डॉक्टर, तुम्हीच ते लिहून देणं कधीच बंद केलं असतं.

आग्रही : आकडे बरोबर आहेत, पण दोष तुम्ही चुकीच्या माथ्यावर मारताय. गोवराविरुद्ध साठ वर्षांपूर्वी जी लस बनली ती आजही लागू पडते, कारण गोवराचा विषाणू तिला चुकवू शकलेला नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना सतत चुका करतो, आणि आपली प्रतिपिंडं ज्या प्रथिनांवरून त्याला ओळखतात तीच त्या चुकांनी बदलत जातात. हे आजचं ज्ञान नाही. टॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी अमेरिकी सैन्यासाठी लस बनवली, १९४३च्या चाचणीत ती उत्तम ठरली, आणि १९४७मध्ये सपशेल पडली, कारण तोवर समोरचा विषाणूच बदलला होता. तेव्हापासून ही लस अंदाजावर चालते. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये लसीत कोणते प्रकार घालायचे ते सुचवते, आणि मग कारखान्यांना जवळजवळ सहा महिने लागतात. वाढत्या मुलाच्या गणवेशाचं माप सहा महिने आधी घेतल्यासारखं आहे हे. कधी बेतात बसतो, कधी मनगटं उघडी पडतात. २०१४-१५मध्ये नेमकं तेच झालं. निवड होऊन गेल्यावर एच३एन२ या फ्लूच्या विषाणूचा बदललेला प्रकार पसरला. त्यात भर म्हणजे बहुतेक लस अजून कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, आणि अंड्यात रुजता रुजता तो विषाणू स्वतःच थोडा बदलतो. एच३एन२च्या बाबतीत हा फरक चांगलाच भोवतो. एवढं सगळं असूनही चाळीस टक्के मिळतात, म्हणजे न टोचलेल्या ज्या गटात शंभर जणांना डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू होईल, तेवढ्याच टोचलेल्यांच्या गटात तो साठ जणांना होईल. हे मला क्षुल्लक वाटत नाही.

साशंक : शंभराचे साठ! हीच मांडणी मला खटकते. ते शंभर किती हजारांतून आले हे तुम्ही सांगत नाही. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या गटाच्या अभ्यासकांनी २०१८ साली सुदृढ प्रौढांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. लस न घेतलेल्यांपैकी एका हंगामात तपासणीत सिद्ध झालेला फ्लू झाला शंभरातल्या २.३ जणांना. घेतलेल्यांपैकी ०.९ जणांना. तुम्ही म्हणाल, साठ टक्के घट. मी म्हणेन, शंभरात दीड माणूससुद्धा नाही. एकाचा फ्लू टाळायला एकाहत्तर जणांना टोचावं लागतं. उरलेल्या सत्तर जणांना एकतर फ्लू होणारच नव्हता, नाहीतर लस घेऊनही झाला. आणि त्याच अहवालातला दुसरा आकडा कुठल्याही जाहिरातीत येत नाही. ताप, खोकला, अंगदुखी, म्हणजे ज्याला आपण सगळेच फ्लू म्हणतो, तो आजार न घेतलेल्यांत शंभरातल्या एकवीस-बावीस जणांना झाला, घेतलेल्यांत अठरा जणांना. कारण पावसाळ्यात दवाखान्याच्या बाकावर जी माणसं खोकत बसलेली असतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना इन्फ्लुएन्झा नसतोच. ऱ्हायनोव्हायरस, आरएसव्ही, अडेनोव्हायरस, आता करोनाही, हे सगळे त्याच बाकावर. लसीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. म्हणून दोन हजार रुपये मोजून आलेला माणूस ऑगस्टमध्ये तापाने फणफणतो आणि चिडून म्हणतो, फसवलं. त्याला फसवलं लसीने नाही. ती देताना 'यंदा तुम्हाला फ्लू होणार नाही' म्हणणाऱ्याने.

आग्रही : शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. आमच्या धंद्यात लोक घाईत असतात, आणि घाईत माणूस जास्त बोलून जातो. पण एकाहत्तरचा आकडा तुम्ही सगळ्यांत निरोगी गटातून उचललात. त्याच अभ्यासकांनी म्हाताऱ्या माणसांचा हिशेब केला तेव्हा एकाहत्तरचे तीस झाले. मुलांचा केला तेव्हा टोचायच्या लसीसाठी पाच. पाच मुलांना टोचा, एकाचा फ्लू टळतो. यापेक्षा चांगला सौदा प्रतिबंधक उपचारांत फार थोडा सापडेल. दुसरं असं की टाळायचं काय, हा प्रश्न तुम्ही तापापाशी आणून थांबवलात. चाळिशीतला धडधाकट माणूस चार दिवस अंथरुणात पडतो आणि उठतो. माझी काळजी त्याची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं फ्लूशी निगडित श्वसनविकारांनी मरतात. यात हृदयविकाराचे मृत्यू धरलेलेच नाहीत. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१८ साली नोंदी तपासल्या, तर तपासणीत फ्लू निघाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता एरवीच्या सहापट दिसली. आपल्याकडे त्या मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयविकार' लिहिलं जातं. इन्फ्लुएन्झाचं नाव कुठे येतच नाही. तुम्ही शंभरात दीड मोजलेत ते ताप. मी जे मोजू पाहतो ते त्या मोजणीच्या बाहेर आहे.

साशंक : मोजू पाहता म्हणालात ते बरं केलंत, कारण प्रत्यक्षात मोजता आलेलं नाही. म्हाताऱ्यांचे मृत्यू लसीने निम्म्याने कमी होतात असं सांगणारे शोधनिबंध नव्वदीच्या दशकात ढिगाने आले. मग कोणीतरी साधा प्रश्न विचारला. एका वर्षाच्या हिवाळ्यात होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी फ्लूचे मृत्यूच जर थोडे असतात, तर फक्त फ्लू थांबवणारी लस सगळे मृत्यू निम्म्यावर कशी आणते? सिअ‍ॅटलच्या लिसा जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये पासष्टीपुढच्या सत्तर हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्या. लस घेतलेले कमी मरत होते, खरं. पण सगळ्यांत कमी मरत होते ते फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधी, गावात विषाणूच नसताना! हंगाम आला तसा तो फरक उलट कमी झाला. याचा अर्थ काय? जो म्हातारा स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येऊन लस घेतो तो मुळातच बऱ्या प्रकृतीचा असतो. जो अंथरुणाला खिळलाय त्याला न्यायचं कोणी? लस माणसाला वाचवत होती की वाचणारी माणसंच लस घेत होती? त्याच्या आदल्या वर्षी लोन सिमोनसेन यांनी दाखवलं होतं की १९८० ते २००१ या काळात अमेरिकेतल्या वृद्धांत लसीचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ६५वर गेलं, पण फ्लूच्या मोसमातले वृद्धांचे मृत्यू त्या प्रमाणात उतरले नाहीत. डॉक्टर, हे सगळं तुमच्याच शास्त्रातल्या माणसांनी लिहिलंय. कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं नाही.

आग्रही : आणि म्हणूनच त्या शास्त्राने पद्धत बदलली. आता वर्षागणिक जे आकडे येतात ते वेगळ्या वाटेने काढलेले असतात. ताप-खोकला घेऊन आलेल्या सगळ्यांचा स्वॅब घ्यायचा. कोणाला फ्लू निघतो, कोणाला नाही. मग दोन्ही गटांत लस घेतलेले किती ते बघायचं. दोन्ही गटांतली माणसं स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आलेली असतात, त्यामुळे जॅक्सनबाईंनी दाखवलेला दोष बराचसा गळून पडतो.

(इथे लेखकाला मध्ये बोलणं भाग आहे, कारण ही पद्धत ऐकायला सोपी वाटते आणि तिच्यातून टक्के कसे निघतात ते मात्र क्वचितच कोणी सांगतं. समजा, ज्यांच्या स्वॅबमध्ये फ्लू निघाला नाही त्यांच्यात लसवाले आणि बिनलसवाले निम्मे-निम्मे आहेत. म्हणजे त्या गावात दवाखान्यात येणाऱ्यांत लसीचं प्रमाण साधारण तेवढं असावं. आता ज्यांच्यात फ्लू निघाला ते १६० जण असले आणि लसीने काहीच होत नसेल, तर त्यांच्यातही ८० आणि ८० असायला हवेत. प्रत्यक्षात निघाले ६० लसवाले आणि १०० बिनलसवाले. शंभराला साठ. झाले चाळीस टक्के. कोणाच्याही दंडात खोटी लस टोचलेली नाही, चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. फक्त आलेल्या माणसांची मोजदाद आहे. पद्धतीची हुशारी इथेच आहे, आणि तिची मर्यादाही.)

साशंक : मर्यादा मी सांगतो. या पद्धतीला दिसतात फक्त दवाखान्यात आलेले. घरीच काढा घेऊन पडून राहिलेला तिला दिसत नाही. आणि लस घेणारा माणूस जर न घेणाऱ्यापेक्षा गर्दी टाळणारा, मास्क लावणारा, नातवंडांपासून जपून राहणारा असेल, तर त्याचा काही अंश चाळिसात मिसळलेला असतो, तो वेगळा काढता येतो असं मला वाटत नाही.

आग्रही : गर्दी टाळणारा माणूस इतर विषाणूंपासूनही वाचेल ना? मग तो फ्लू न निघालेल्यांच्या गटातही कमी दिसेल, आणि वजाबाकी आपोआप होईल. सगळी नाही, पण बरीच. आणि ही मोजदाद लसीची खुशामत करते असं तुम्हाला वाटत असेल तर नाकात फवारायच्या लसीचं काय झालं ते आठवा. मुलांना सुई नको म्हणून अमेरिकेत ती जोरात चालत होती. २०१५-१६मध्ये याच पद्धतीने मोजलं तेव्हा दोन ते सतरा वयोगटात तिची परिणामकारकता निघाली ३ टक्के. तीन! सरकारी सल्लागार समितीने पुढचे दोन हंगाम ती शिफारशीतून काढून टाकली. ज्या मापाने चाळीस सांगितले त्याच मापाने तीन सांगितले, आणि ते ऐकलंही गेलं.

साशंक : आणि त्याच काळात ब्रिटन आणि फिनलंड हे देश तीच फवाऱ्याची लस मुलांना देत राहिले, कारण त्यांच्या मोजदादीत ती चालत होती. एक लस, एक पद्धत, दोन उत्तरं. मला लसीचा द्वेष नाही हो. मला एवढंच म्हणायचंय की चिठ्ठ्या टाकून, निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना दुसरी काहीतरी सुई देऊन केलेली चाचणी हाच खरा पुरावा, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही गळा काढता त्या म्हाताऱ्यांवर तशा चाचण्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. नेदरलँड्समधली १९९४ची एक आहे. साठीपुढचे अठराशे जण. रक्ततपासणीत फ्लूची खूण लस घेतलेल्यांत ४ टक्के, न घेतलेल्यांत ९. चांगली गोष्ट आहे. पण त्यात मृत्यू मोजण्याइतकी माणसंच नव्हती, आणि होती ती बहुतेक धडधाकट.

आग्रही : हृदयरुग्णांची आहे ना. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेली. बांगलादेशासह आठ देशांत, झटका येऊन दवाखान्यात दाखल झालेल्या अडीच हजार लोकांना चिठ्ठ्या टाकून फ्लूची लस किंवा सलाईनचं पाणी दिलं. वर्षभरात लसवाल्यांपैकी २.९ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ४.९. यात टोचून घेणारा आधीच सुदृढ होता असं तुम्ही म्हणू शकत नाही. सगळेच नुकते झटका आलेले होते.

साशंक : ती कोविडमुळे मध्येच थांबवावी लागली, ठरवलेली माणसं भरलीच नाहीत. पुढच्याच वर्षी हृदयाचं कार्य कमजोर असलेल्या पाच हजारांवर दहा देशांत, भारतातही, झालेल्या चाचणीचा निकाल आला. मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नाही. तुम्ही म्हणाल, फ्लू जोरात असलेले महिने वेगळे काढले तर लाभ दिसला. दिसला, मान्य. पण आधी निकष ठरवायचा आणि तो चुकला की महिने निवडायचे, हे मी केलं असतं तर तुम्ही मला सोडलं असतं का? म्हाताऱ्यांसाठी चौपट मात्रेची लस निघाली, तिने साधीपेक्षा चोवीस टक्के जास्त फ्लू टाळला असा २०१४चा निष्कर्ष. मग डेन्मार्कने तीन लाखांहून जास्त लोकांत चिठ्ठ्या टाकून पाहिलं. २०२५मध्ये निकाल आला. फ्लू किंवा न्यूमोनियाने दवाखान्यात भरती होण्यात लक्षणीय फरक नाही.

आग्रही : चौपट आणि साधी यांच्यात फरक नाही, एवढंच. लस आणि बिनलस यांच्यात नाही असं ती चाचणी म्हणत नाही, कारण तिच्यात बिनलसवाले कोणी नव्हतेच. पण तुमची तक्रार मला कळते. तापाच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे, भरतीच्या बाबतीत बरा, मृत्यूच्या बाबतीत सूचक. आम्ही तिन्ही एका दमात, एकाच खात्रीच्या सुरात सांगतो. ते मला आता पटत नाही. तरीही तुमच्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट सुटते. तुम्ही प्रत्येक माणसाचा हिशेब सुटा मांडता. लस मी घेतली, लाभ मला किती. फ्लू असा पसरत नाही. तो शाळेतून घरी येतो. जपानने १९६२पासून पंचवीस वर्षं शाळेतल्या मुलांना लस टोचली, त्यातली दहाहून अधिक वर्षं सक्तीने. त्या काळात मेले असते असे दरवर्षी ३७ ते ४९ हजार लोक वाचले, बहुतेक म्हातारे, असा अंदाज २००१मध्ये मांडला गेला. चारशेवीस मुलांना टोचलं की एक मृत्यू टळतो. १९८७ला सक्ती सैल केली, १९९४ला कार्यक्रम थांबला, आणि म्हाताऱ्यांचे मृत्यू पुन्हा चढले.

साशंक : त्याच वर्षांत जपान झपाट्याने म्हातारा होत होता हेही सांगा. आणि सक्ती का गेली तेही. गुन्मा प्रांतातल्या माएबाशी शहरात १९७९ला एका मुलाला लसीनंतर झटके आले, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मोहीम बंद केली आणि पुढची काही वर्षं टोचणाऱ्या शेजारच्या शहरांशी स्वतःची तुलना केली. साथी सगळीकडे सारख्याच आल्या असा त्यांचा अहवाल. त्या कागदांनी लोकांचा विश्वास गेला. आज त्यांच्या पद्धतीत खोट काढणं सोपं आहे, तशीच ती तुमच्या सदतीस हजारांतही काढता येते. दोन्ही आकडे मागे वळून काढलेले.

आग्रही : म्हणून मी पुढे बघून केलेलाच प्रयोग आणतो. कॅनडातल्या हटराइट पंथाच्या वसाहती. शेतकरी माणसं, एकत्र जेवणारी, एकत्र राहणारी, बाहेरच्यांशी फारसा संबंध नसलेली. चिठ्ठ्या टाकून काही वसाहतींतल्या मुलांना फ्लूची, काहींतल्या मुलांना हेपटायटिस एची लस दिली. मोठ्यांना मुद्दाम काही दिलं नाही. ज्या वसाहतींत मुलांना फ्लूची लस मिळाली तिथे न टोचलेल्यांमधला फ्लू ६१ टक्क्यांनी कमी झाला. २०१०चा निबंध आहे. म्हणजे म्हाताऱ्याच्या दंडात काम न करणारी लस नातवाच्या दंडातून काम करू शकते.

साशंक : वसाहतीला कुंपण होतं. तुमच्या पुण्याला कुठे आहे? तिथल्या मुलाच्या संपर्कात येणारी सगळी माणसं त्याच वसाहतीतली. इथे मूल रिक्षात, क्लासमध्ये, लग्नात, लोकलमध्ये असतं. हरियाणात बल्लभगडजवळच्या गावांत आपल्याच लोकांनी चाचणी केली ती बघा. काही घरांतल्या मुलांना फ्लूची लस, काहींतल्या मुलांना पोलिओची टोचायची लस. पहिल्या वर्षी टोचलेल्या मुलांनाच मिळालेला लाभ जेमतेम पावभर. पुढे तो वाढला, तिसऱ्या वर्षी बराच चांगला झाला.

आग्रही : पहिलं वर्ष कोणतं? २००९. नवा एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, देशभर पसरत होता आणि तो त्या लसीत नव्हता, असूच शकत नव्हता, कारण लसीचे प्रकार त्याच्या जन्माआधी ठरले होते. त्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, नायडू रुग्णालयापुढे स्वॅब द्यायला रांगा लागल्या, आणि त्याच शहरात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली नाकातली लस बाजारात आली ती पुढच्या वर्षीच्या जुलैत. विषाणूला रांगेत उभं राहावं लागत नाही. पण याच उदाहरणाने मी दुसऱ्या मुद्द्यावर येतो, आणि तिथे कदाचित तुम्हीच माझ्या बाजूला याल. पुण्यात, मुंबईत, बहुतेक भारतात फ्लूचा मोठा जोर असतो पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. श्रीनगरला मात्र थंडीत. आपण नकाशावर उत्तर गोलार्धात, पण फ्लूच्या पंचांगाने दक्षिण गोलार्धाच्या जवळ. म्हणून अभ्यासकांनी २०१५च्या सुमारास स्पष्ट लिहिलं की काश्मीरसारखा भाग सोडून इतरत्र लस एप्रिल-मेमध्ये द्यावी. आणि आमच्याकडे लोक कधी येतात? पेपरात बातमी आल्यावर. ऑगस्टमध्ये. तोवर साथ अर्धी उरकलेली, आणि लस अंगी लागायला दोन आठवडे हवेत.

साशंक : आणि जो शहाणा माणूस अमेरिकेतल्या मुलीच्या सांगण्यावरून ऑक्टोबरमध्ये घेतो त्याचं काय? या लसीचा प्रभाव महिन्यागणिक उतरतो. अमेरिकेतल्या पाहण्यांत दर महिन्याला सहा-सात टक्क्यांनी. पुढच्या जुलैपर्यंत नऊ महिने झाले. तुमच्या चाळिसातले किती उरले? म्हणजे सिअ‍ॅटलमध्ये मोजलेला आकडा आपण कोथरूडमधल्या माणसाला सांगतो. हंगाम वेगळा, लस घेतल्यापासूनचे दिवस वेगळे, कदाचित लसीतले प्रकारही वेगळे. मी तर म्हणेन की आपल्याकडे या लसीच्या परिणामकारकतेवर वाद घालणंच चैनीचं आहे. पंचेचाळिशीपुढच्या भारतीयांपैकी दोन टक्क्यांनीही ती घेतलेली नाही असं देशव्यापी पाहणीत निघालं. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाहीच.

आग्रही : महाराष्ट्राने निदान सुरुवात केली. २०१५मध्ये स्वाइन फ्लूने राज्य हादरलं तेव्हापासून गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यांत ती फुकट मिळते. आणि माझ्या मते सगळ्यांत निर्विवाद जागा तीच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. बांगलादेशात ३४० गरोदर बायकांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली, २००८ला निकाल आला. आईला फ्लूची लस दिली तर बाळाला पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी. एका सुईत दोन जीव.

साशंक : यावर मी भांडत नाही. पुरावा आपल्या हवामानातला आहे, चिठ्ठ्यांचा आहे, आणि ज्याला लाभ व्हायचा त्याला दुसरा उपाय नाही. मला हेच हवंय. मग म्हाताऱ्यांसाठी तसं का नाही? अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आता चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, कारण तिथे लस प्रत्येक म्हाताऱ्याला द्यायचीच असं ठरलंय. निम्म्यांना न देणं अनैतिक. त्यांनी ती संधी स्वतःच्या घाईने गमावली. आपल्याकडे शंभरातले अठ्ठ्याण्णव जण आजही न टोचलेलेच आहेत. एका जिल्ह्यातले पन्नास-साठ हजार वृद्ध घ्या. मे महिन्यात निम्म्यांना फ्लूची लस द्या, निम्म्यांना दुसरी एखादी उपयोगी, म्हणजे कोणी रिकाम्या हाताने जाणार नाही. तीन-चार पावसाळे मोजा. ताप नको, भरती आणि मृत्यू मोजा. सगळं जग ज्यावर वीस वर्षं भांडतंय त्याचं उत्तर इथे मिळेल, आणि सरकारने यावर पैसा घालावा की तोच पैसा घराघरांत रक्तदाब मोजण्यावर घालावा हेही ठरेल.

आग्रही : कागदावर मला ही चाचणी आवडते. आता मला सांगा, मे महिन्यात माझ्यासमोर पासष्ट वर्षांची बाई बसलीय. मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय. नुकताच झटका आलेल्यांत मृत्यू ४.९वरून २.९वर आले हे मला माहीत आहे. तुम्ही म्हणता ती चाचणी अर्धवट राहिली. असेल. पण मला माहीत आहे. तिच्या नावाची चिठ्ठी मी कशी टाकू?

साशंक : तिला टोचा. तिला चाचणीत घेऊच नका.

आग्रही : मधुमेहवाले नाहीत, हृदयवाले नाहीत, दमेकरी नाहीत, किडनीवाले नाहीत. मग उरले कोण? ज्यांना फ्लूने मरायची भीती सगळ्यांत कमी तेच. नेदरलँड्सवाल्यांना तुम्ही जो बोल लावलात तोच उद्या तुम्हाला लागेल.

साशंक : लागेल. पण ज्यांना तुम्ही बाहेर ठेवलंत त्यांना दर मे महिन्यात तुम्ही टोचत राहाल, आणि त्यांच्यापैकी किती जण त्या सुईमुळे वाचले हे तुम्हालाही कधी सांगता येणार नाही.

आग्रही : नाही येणार. तरी टोचेन. तुम्ही माझ्या खुर्चीत असतात तर?

साशंक : टोचलं असतं. आणि तिच्या मुलाने विचारलं असतं, याने आईला किती फायदा होईल, तर चाळीस टक्के म्हणालो नसतो.

आग्रही : मग काय म्हणाला असतात? तो मुलगा उत्तर घेतल्याशिवाय उठत नाही, आणि बाहेर तीस माणसं बसलेली असतात.